अपडेटनंतर वाय-फाय गेलं? आधी बघा, अडलंय कुठं

लॅपटॉपवरचं नेट बंद पडलं की पहिला हात जातो राऊटरच्या बटणाकडे. त्याआधी मोबाइल घ्या, त्यावरचा सिमचा डेटा बंद करा आणि त्याच वाय-फायवर एखादी साइट उघडून बघा. डेटा चालू राहिला तर साइट सिमवरून उघडू शकते आणि आपली फसगत होते. मोबाइलवर नेट चालत असेल तर राऊटर आणि केबलवाला दोघेही सुटले. दोष लॅपटॉपकडे आहे आणि आदल्या दिवशी विंडोजचं अपडेट झालं असेल तर संशय आधी त्याच्यावरच जातो.

आता लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू केलात तर तेवढा उपयोग होत नाही. विंडोजमध्ये बहुधा 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं. त्यामुळे बंद करताना यंत्रणेचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. बऱ्याचदा गाडी इथंच रुळावर येते.

नाही आली, तर लक्षण नीट बघा. लक्षणं तीन प्रकारची असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पहिलं लक्षण: वाय-फायचं बटणच गायब. इथं दोष बहुतेक ड्रायव्हरचा. लॅपटॉपमधली वाय-फायची चिप इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक अशा एखाद्या कंपनीची असते. तिच्यात आणि विंडोजमध्ये दुभाष्याचं काम करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. अपडेटमध्ये ड्रायव्हर बदलला, किंवा विंडोज बदललं आणि ड्रायव्हर जुनाच राहिला, तर दोघांचं जमत नाही.

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स'ची यादी बघा. चिपच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल तर नावावर डबल क्लिक करा. 'धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट, कोड १०' असा काहीतरी मजकूर दिसेल. 'ड्रायव्हर' या टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे, त्यानं आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट दिसलं तर परत जायला जुना ड्रायव्हरच शिल्लक नाही. मग 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करा, विंडोज ड्रायव्हर पुन्हा बसवतं. त्या वेळी ड्रायव्हरही काढून टाकायचा का, असं विचारणारी चौकट येते. हाताशी दुसरा ड्रायव्हर नसेल तर तिथं टिक करू नका.

नवा ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेट तर नाही! अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोजला फोन म्हणजे एक वेगळंच नेटवर्क कार्ड वाटतं, त्यामुळे वाय-फायचा ड्रायव्हर लागतच नाही. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या.

दुसरं लक्षण: नेटवर्कची यादी दिसते, पण जोडणी होत नाही. आपल्या नेटवर्कवर 'फरगेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. तरीही अडलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघा. तो जोडला गेला तर चिप आणि ड्रायव्हर बहुधा ठीक आहेत, खटका त्या एका नेटवर्कशी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर असंच झालं होतं. मुख्यतः ऑफिस आणि कॉलेजातली, युजरनेम-पासवर्ड मागणारी नेटवर्कं काही लॅपटॉपना जोडेनात. घरच्या वाय-फायला सहसा झळ बसली नाही. मायक्रोसॉफ्टनं तो बदल मागे घेतला. अशा वेळी स्वतः खटपट करण्यापेक्षा आयटीवाल्यांना गाठावं.

तिसरं लक्षण: 'कनेक्टेड' दिसतं, पण साइट उघडत नाही. व्हीपीएन किंवा बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर तो थोडा वेळ बंद करून बघा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. 'आयपीव्ही४ अॅड्रेस' १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही, विंडोजनं स्वतःच एक घेतला आहे. घरी बरोबर पत्ता बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. पत्ता बरोबर असेल तर 'पिंग ८.८.८.८' करा. उत्तर आलं, तरी साइट उघडत नाही? मग बहुधा साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा अडली आहे. 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' केलं की तिचा साठलेला जुना मजकूर पुसला जातो.

हे सगळं करूनही जमलं नाही, तर 'विंडोज अपडेट'च्या 'अपडेट हिस्टरी'त जाऊन ते अपडेट काढा आणि पुढची अपडेटं आठवडाभर थांबवा, नाहीतर तेच पुन्हा येऊन बसेल. त्यात सुरक्षेची दुरुस्तीही निघून जाते, म्हणून हा उपाय तात्पुरताच. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल तर 'रिकव्हरी'त 'गो बॅक' मिळतं, पण सहसा पहिले १० दिवसच.

अनेकजण सुरुवातच 'नेटवर्क रीसेट'नं करतात. त्यानं साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड जातात, ऑफिसचं व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. आणि दोष ड्रायव्हरचा असेल तर तोच ड्रायव्हर परत येतो. म्हणून ते अगदी शेवटी. वाय-फाय सुरू झालं की चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. पुढच्या वेळी टेदरिंगचीही गरज पडणार नाही.