आंबेनळी, वरंध, रायगड : मुलाला सायकलवर घाटात पाठवण्याआधी

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी आठवीतल्या एका मुलाची अम्मी शाळेत आली. मुलगा हात गळ्यात बांधून तिच्या मागे उभा. आदल्या दिवशी चार मित्र पोलादपूरहून आंबेनळी चढून वाडा कुंभरोशीपर्यंत गेले होते. चढताना काहीच झालं नाही. उतरताना याच्या सायकलचे ब्रेक लागेनासे झाले. पोराने डोकं चालवलं आणि सायकल दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. खांद्याजवळचं हाड मोडलं, त्यापलीकडे काही नाही, अल्लाहची मेहरबानी. अम्मीचा प्रश्न सरळ होता. "सर, ही सायकल विकून टाकू का? याच्या अब्बांनी कुवेतहून पैसे पाठवून घेऊन दिली होती. आता मला तिच्याकडे बघवत नाही."

आम्ही शाळेतले तीन-चार शिक्षक रविवारी सायकल चालवतो, म्हणून ती आमच्याकडे आली. त्या दिवशी आम्ही एवढंच म्हणालो की विकायची घाई करू नका, आधी सायकल दाखवा. पाहिलं तर ब्रेकचं रबर झिजून पार धातूला टेकलं होतं. सायकल घेऊन वर्ष उलटलं होतं. त्या वर्षात तिला स्टिकर लागले, घंटी लागली, मोबाईल ठेवायचा स्टँड लागला. ब्रेककडे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

महाड-पोलादपूरच्या बऱ्याच घरांत आता गिअरची सायकल आहे. कुणाचे अब्बा आखातात, कुणाचा मामू मुंबईत, पोराने दहावीपर्यंत हट्ट धरला की सायकल येतेच. आणि आपण राहतो ते थेट सह्याद्रीच्या पायथ्याशी. पोरं घाटाकडे जाणारच. तेव्हा घाट कसा असतो आणि कुठला रस्ता कुणासाठी, हे आईबापांना माहीत असलेलं बरं.

आधी चढाचं गणित. १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता ५ मीटर वर गेला तर तो ५ टक्के चढ. ३-४ टक्के चढ कुणीही दमादमाने काढतो. ७-८ टक्क्यांना मांड्या भरून येतात. १० टक्क्यांच्या पुढे सवय नसलेला माणूस उतरून सायकल ढकलतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसं उंच नाही, महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे आणि मधलं अंतर सुमारे ४० किलोमीटर. म्हणजे सरासरी चढ सव्वातीन टक्क्यांच्या आसपास निघतो. ऐकायला सोपा वाटतो ना? पण सरासरी फसवते. सुरुवातीला कापड्यापर्यंतचा रस्ता बराचसा सावित्रीच्या खोऱ्यातून जातो, तिथे उंची फार वाढत नाही. खरा चढ त्यानंतर सुरू होतो आणि सगळी उंची तिथे वसूल करतो. युरोपातल्या आल्प्स पर्वतात आल्प द्युएझ नावाचा घाट आहे, सायकल शर्यतींसाठी जगभर प्रसिद्ध. तो १३.८ किलोमीटरचा, २१ वळणांचा, सरासरी चढ ८.१ टक्के. तिथे दम खायला सपाटी जवळजवळ नाहीच. आपला आंबेनळी तेवढा कडक नाही, पण लांबी त्याच्या जवळपास तिप्पट.

चढताना मात्र फारसा धोका नसतो. चढावर सायकलचा वेग चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त. दम लागला तर थांबता येतं, पडलो तर गुडघा खरचटतो. घरच्यांना काळजी वाटते ती 'एवढं चढवेल का' याची. काळजी करायची ती परतीची.

आमच्या नववीच्या वर्गात आम्ही हे फळ्यावर सोडवलं. मुलगा आणि सायकल मिळून ७५ किलो धरा, उतार १,३०० मीटरचा. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची केलं की साडेनऊ लाख ज्यूल येतात. घरातलं साधं पाणी चुलीवर ठेवून उकळी येईपर्यंत दर लिटरला साधारण तीन लाख ज्यूल लागतात. म्हणजे महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते की तिच्यात तीन लिटर पाणी उकळेल. काही भाग वारा खातो, थोडा टायर. उरलेलं सगळं ब्रेकच्या त्या बोटभर तुकड्यांवर येतं. वर्गातल्या एका मुलीने लगेच विचारलं, "मग सर, ब्रेकवर चहा होईल?" होईल म्हणा ना.

हे जगाला नवीन नाही. डोंगरात सायकल दामटण्याचा खेळ ज्यांनी रुजवला ती अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची पोरं. १९७६ पासून ती एका मातीच्या उतारावर जुन्या जाडजूड सायकली घेऊन शर्यत लावायची. त्या सायकलींना पेडल उलटं फिरवलं की लागणारा ब्रेक असायचा. खाली पोहोचेपर्यंत चाकाच्या हबमधलं ग्रीस तापून धूर होऊन जायचं, मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरा. त्या अडचणीतून पुढे चांगले ब्रेक आणि गिअर बसवलेली माउंटन बाईक तयार झाली. आपल्याकडे बाजारात 'एमटीबी' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त सायकलीत पुढे जाडे शॉकअप असतात, टायर रुंद असतात, रंग झकास असतो. ब्रेकवर मात्र काटकसर केलेली असते. त्या स्वस्तातल्या शॉकअपने वजन वाढतं, आणि उभं राहून पेडल मारलं की काही जोर दांड्याच्या उड्या मारण्यात जातो. म्हणून दुकानात गेलात की गिअर किती हे नंतर विचारा, आधी ब्रेक दाबून बघा. डिस्क ब्रेक असेल तर उत्तम. रबराचा असेल तरी चालेल, पण घाटात जाण्याआधी रबरावरच्या खाचा शाबूत आहेत का हे दर वेळी पाहायचं. ती खाच पुसली गेली की रबर बदलायचं. त्याचा खर्च एका बिर्याणीच्या प्लेटइतकाही येत नाही.

ब्रेक वापरायचीही रीत आहे. आपली पोरं घाबरून पूर्ण उतारभर ब्रेक दाबून धरतात. तसं केलं की रबर आणि रिम दोन्ही तापतात, पकड सुटते, आणि फार तापलं तर आतली ट्यूबही फुटू शकते. दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. दोन्ही ब्रेक मिळून, नुसता पुढचा कधीच नाही. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. बूड थोडं मागे सरकवून बसायचं. दर तीन-चार किलोमीटरला थांबून रिमजवळ हात न्यायचा, लावायचा नाही, नुसती धग बघायची. आणि डावी बाजू सोडायची नाही. समोरून येणारी एसटी वळणावर पूर्ण रस्ता घेते. तिला तो घ्यावाच लागतो.

आता रस्ते. सुरुवात करणाऱ्यासाठी आमची पसंती महाड ते पाचाड. नाते, कोंझर अशी वाट, सुमारे २५ किलोमीटर, आणि चढ मुख्यतः शेवटच्या टप्प्यात. रायगडाच्या पायथ्याला चहा-नाश्ता मिळतो, परतताना संध्याकाळ होत नाही. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या फार, म्हणून पहाटे निघायचं. थंडीत फजर पढून निघालं तर घाट सुरू व्हायच्या आत उजाडतं, आणि जोहरला माणूस घरी असतो. तोवर अंधार असतो, म्हणून मागे लाल दिवा हवाच.

पोलादपूरच्या पोरांनी कशेडीचा जुना घाट बघावा. मुंबई-गोवा महामार्गावर बोगदा सुरू झाल्यापासून बरीच वाहनं तिकडून जातात. जुना रस्ता अवजड गाड्यांना चढता यावं म्हणून लांब वळणं घेत नेलेला आहे, त्यामुळे गिअर बदलायला शिकण्यासाठी तो चांगला. चढ लागायच्या आधी गिअर हलका करायचा, चढावर अडकल्यावर केला तर चेन उतरते. हे एकदा अंगवळणी पडलं की अर्धं काम झालं. बोगद्यात मात्र सायकल घालू नका.

वरंध घाटाचा रस्ता देखणा आहे, यात वाद नाही. वर वाघजाईजवळ भजी-चहाच्या टपऱ्या, माकडं, खाली खोल दरी, आणि पलीकडे भोरच्या बाजूला नीरा-देवघरचं पाणी. पण महाडहून निघालं की बिरवाडीच्या एमआयडीसीतली टँकरची वर्दळ आधी ओलांडावी लागते, आणि वर रस्ता अरुंद. दहावीच्या खालच्या मुलांना आम्ही तिकडे नेत नाही. मातीच्या रस्त्यावर चालवायची हौस असेल तर तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठच्या बाजूला वाड्यावस्त्यांना जोडणारे मुरमाचे रस्ते आहेत, तिथे रुंद टायरचं चीज होतं. जुन्या घाटवाटांवर नको. त्या पायी आणि बैलांच्या पाठीवर माल नेण्यासाठी होत्या, तिथे सायकल चालवायची नसते, उचलायची असते.

आंबेनळी सगळ्यात शेवटी. कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो, तिथे साधारण निम्मी वाट होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथूनच मागे फिरावं. पुढे मेटतळ्याच्या जंगलातून महाबळेश्वरपर्यंत जायचं असेल तर बरोबर मोठं माणूस आणि मागे एखादी गाडी असू द्या. याच घाटात जुलै २०१८ मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली होती. पोलादपूरच्या माणसाला ते दिवस सांगावे लागत नाहीत.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर घाट नाहीच. हिरवळ, धबधबे, मोबाईलवरचे व्हिडिओ, सगळं मान्य. पण २२ जुलै २०२१ ला आपल्या तालुक्यातलं तळीये गाव दरडीखाली गेलं, त्याच सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, आणि तेच पाणी सावित्रीने महाडच्या घराघरांत आणलं. त्या पावसात आंबेनळीही ठिकठिकाणी खचून बंद पडला. ओल्या रिमवर रबराचा ब्रेक उशिरा लागतो, ते वेगळंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला मोसम. सध्या रमजानही याच्या आसपास येतो. रोजा असताना घाट चढू नये. पाणी न पिता चढलेला मुलगा उतारावर गरगरतो, आणि घेरी यायची ती सर्वात वाईट जागा.

मुलींबद्दल आम्हाला हळू आवाजात विचारलं जातं. आमच्या रविवारच्या गटात दोन मुली येतात, अब्बांच्या परवानगीने, एकीचे अब्बा स्वतः मोटारसायकलवर मागून. ओढणी मात्र मोकळी नको. चेनमध्ये किंवा चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. हेल्मेटखाली घट्ट टोपीसारखा स्कार्फ, त्याची टोकं कुर्त्याच्या आत, आणि पायाला घोट्यापाशी घट्ट बसणारी सलवार किंवा ट्रॅकपँट. मुलांच्याही रुंद पायजम्याला उजव्या घोट्यावर रबरबँड लावा.

हेल्मेट, दोन बाटल्या पाणी, खजूर, पंक्चरचं सामान, खिशात घरच्या नंबराची चिठ्ठी. चिठ्ठी यासाठी की घाटात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, आणि फोन फुटला तर त्यातला नंबरही गेला. कानात इअरफोन घालून किंवा ट्रकची साखळी धरून चढणारी पोरं दिसली तर नाव विचारून घरी कळवा. कुणाचाही मुलगा असो.

त्या अम्मीने सायकल विकली नाही. हाड जुळून यायला दोनेक महिने गेले, तोवर आम्ही सायकलला दोन्ही बाजूंचे नवे ब्रेक आणि केबल बसवून घेतली. पहिला रविवार पाचाडचा ठरला. पोरगा उतारावर दर वळणाआधी थांबत होता, जरा जास्तच थांबत होता, आणि मागची पोरं ओरडत होती. आम्ही त्यांना गप्प केलं. नात्याला पोहोचल्यावर त्याने घरी फोन लावला. पलीकडून अम्मीने आधी ब्रेकचं विचारलं, मग त्याचं.