उसाचं पाचट, भाताचं तूस आणि आपली शेगडी

मैत्रिणींनो, ऊसपट्ट्यातल्या एखाद्या गावात तुमचं घर असेल, तर दिवाळीनंतरच्या तीन-चार महिन्यांबद्दल तुम्हाला काही सांगायला नको. गच्चीवर धुणं वाळत घालावं आणि संध्याकाळी काढायला जावं, तर पांढऱ्या चादरीवर काजळीच्या काळ्या, लांबट चिंध्या येऊन पडलेल्या! हात लावला की भुगा होतो, डाग मात्र राहतो. कुणाच्या तरी रानात ऊस तुटलेला असतो आणि मागे उरलेलं पाचट पेटवलेलं असतं. आपण चार शब्द बोलतो, चादर पुन्हा पाण्यात घालतो आणि विसरून जातो.

पण जरा विचार करा. जी राख आपल्या चादरीवर पडली, ती काही तासांपूर्वी चांगलं सरपण होती. आणि त्याच संध्याकाळी ‘या वेळी टाकी लवकर संपली’ म्हणून आपण हळहळत असतो. आपल्या देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून आणावा लागतो. रानात जाळ फुकट जातो आणि घरात जाळ विकत येतो. काटकसरीनं संसार करणारीला हे गणित पटेल का?

शेतकरी पाचट जाळतो तरी का?

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आठवीच्या वर्गातली बरीच मुलं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. एकदा पर्यावरणाचा धडा चालू असताना मी म्हटलं, “पाचट जाळू नये.” लगेच मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. “बाई, गोळा करायला माणसं लावली तर मजुरी कोण देणार? खोडव्याला पाणी सोडायचं तर सरीत पाचट आडवं येतं. उंदीर होतात ते वेगळंच!”

खरं सांगते, त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाचटाच्या पात्यांनी हात कापतात. त्यातून ते आकारानं मोठं आणि वजनानं हलकं. ट्रॉलीभर रचलं तरी वजन नावालाच. असा माल लांब नेऊन विकायचा म्हटलं तर वाहतुकीलाच पैसे जायचे. एकरी साधारण तीन-चार टन पाचट निघतं, पण ते सगळ्या रानभर पसरलेलं असतं. काडेपेटी स्वस्त पडते, म्हणून ती वापरली जाते.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी. पाचटावर पहिला हक्क जमिनीचा आहे. ते सरीत ठेवून कुजवलं तर ओल टिकते, तण कमी उगवतं आणि खत होतं. कृषी खातंही हेच सांगतं. पण जिथे ते कुजवलं जात नाही, जिथे पेटवलंच जाणार आहे, तिथे निदान त्याची धग तरी कुणाच्या उपयोगी पडावी.

पाचटाचा कोळसा

हा विचार पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं केला. तिचं पूर्ण नाव ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली ती स्थापन केली. ते वनस्पतिशास्त्रज्ञ, इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव आणि महर्षी कर्व्यांचे नातू.

संस्थेची युक्ती साधी आहे. पाचट हलकं आहे ना, मग ते रानातच जड करा! म्हणजे त्याचा तिथेच कोळसा करा. विटांच्या भट्टीत पाचटानं भरलेले, झाकण लावलेले डबे ठेवायचे आणि खाली थोडं पाचट पेटवायचं. डब्यात हवा नसल्यामुळे आतलं पाचट जळत नाही, करपतं. त्यातून निघणारा ज्वालाग्राही वायू भट्टीतच पेट घेतो आणि पुढचं काम त्याच्याच आचेवर होतं. डब्यात उरतो तो भुकटीसारखा कोळसा. तो खळीत मळायचा (हो, आपण सुती साडीला घालतो तसलीच खळ!), यंत्रातून त्याच्या कांड्या पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. शंभर किलो पाचटातून साधारण वीस-पंचवीस किलो कोळसा मिळतो. या कामासाठी संस्थेला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पुढे २००६ साली खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी तोच पुरस्कार पुन्हा मिळाला.

पण मला जास्त कौतुक वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. नुसता कोळसा करून संस्था थांबली नाही, त्याच्यासाठी ‘सराई’ नावाचा कुकरही केला. खाली लहानशी शेगडी, वर एकावर एक भांडी आणि सगळ्यावर झाकण. संस्थेच्या सांगण्याप्रमाणे शंभर ग्रॅम कांडीकोळशावर त्यात पाच माणसांचा भात, वरण आणि भाजी होते. आता तुम्ही विचाराल, “आणि पोळ्या?” बरोबर आहे. पोळी-भाकरीला तवाच लागतो. हा कुकर फक्त वाफेवरची कामं करतो. पण तेवढ्यानंही बोध होतो. उघड्या शेगडीवर हाच कोळसा भसाभसा संपला असता. कोळसा तोच, फरक कुकरचा आहे.

कारखान्याची काटकसर

साखर कारखान्यातही हीच गोष्ट घडली. गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडं जाळतात, तसंच कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस जाळतात. शंभर किलो ऊस गाळला की साधारण तीस किलो बगॅस निघतं. पूर्वी बॉयलर कमी दाबाचे असत, वाफेचा हिशेब कुणी ठेवत नसे. उलट, ढीग संपावेत म्हणून बगॅस जमेल तसं जाळत. मग अनेक कारखान्यांनी जास्त दाबाचे बॉयलर बसवले आणि वाफ जपून वापरायला सुरुवात केली. तेवढ्याच बगॅसमधून कारखान्याची गरज भागून वीज उरू लागली आणि ती विकताही येऊ लागली. याला सहवीजनिर्मिती म्हणतात. ऊस वाढला नाही, बगॅस वाढलं नाही. वाया जाणारी वाफ थांबली, तिचीच वीज झाली.

मैत्रिणींनो, मला जे सांगायचं आहे ते हेच. वाचवलेली धग हेही इंधनच आहे. ते खणून काढावं लागत नाही की बोटीनं आणावं लागत नाही. आणि ते वाचवणं सर्वांत जास्त आपल्याच हातात आहे. आपल्या सासवा-आजेसासवांना हे ठाऊक होतं. चुलीच्या मुख्य तोंडावर भाकरी आणि वैलावर आमटी. जेवणं झाली की निखाऱ्यांवर दूध. एकही निखारा फुकट जात नसे.

घरच्या घरी तुसाची पेटी

भट्टी काही आपण गच्चीवर लावणार नाही. पण शेतातला टाकाऊ माल आपल्या गॅसच्या मदतीला येऊ शकतो, न जाळता! बर्फवाला बर्फाची लादी भुशात का पुरून ठेवायचा? भुशात अडकलेली हवा बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. मग तीच हवा आतली उष्णताही बाहेर जाऊ देणार नाही. युरोपात बायकांनी महायुद्धांच्या काळात अशाच गवताच्या पेट्यांत अन्न शिजवलं. आपण तूस वापरू.

साहित्य: झाकणाची लाकडी पेटी किंवा मोठी टोपली, भात गिरणीतलं तूस (ते न मिळाल्यास वखारीतला लाकडाचा भुसा), जुनी चादर आणि घट्ट झाकणाचं, शक्यतो लांब दांडा नसलेलं पातेलं.

कृती: तूस दोन दिवस कडक उन्हात वाळवा. पेटीच्या तळाशी चार बोटं जाडीचा थर द्या. मध्ये पातेलं ठेवून भोवती तेवढंच जाड तूस दाबून भरा. पातेलं काढून त्या खळग्यात चादर बसवा, म्हणजे तूस अन्नात येणार नाही. जुन्या अभ्र्यात तूस भरून वर दाबायला एक उशी शिवा.

वापर: भात धुऊन नेहमीच्या पाण्यात लावा. चांगली उकळी आली की झाकण घालून पाच मिनिटं गॅसवर ठेवा, मग पातेलं झटकन पेटीत. वर उशी, त्यावर पेटीचं झाकण. पाऊण तास उघडून पाहू नका! भिजवलेल्या तूरडाळीला दहा-पंधरा मिनिटं उकळी द्या आणि पेटीत दोन तास राहू द्या. पातेलं निदान दोन तृतीयांश भरलेलं हवं, अर्धं रिकामं असेल तर ते लवकर निवतं.

काळजी: पेटीत निखारा कधीही ठेवू नका आणि पेटी शेगडीपासून लांब ठेवा. अन्न त्यात रात्रभर ठेवू नका. तीन-चार तासांत काढून, गरम करून वाढा. राजमा पेटीत शिजवायचा नाही. तो भिजवून, ते पाणी टाकून प्रेशर कुकरमध्येच शिजवावा, कमी आचेवरचा राजमा पोटाला बाधतो. आणि कांडीकोळसा वापरणाऱ्यांनी शेगडी अंगणात किंवा मोकळ्या व्हरांड्यातच पेटवावी. बंद खोलीत किंवा न्हाणीघरात पेटलेल्या कोळशाचा विषारी वायू होतो. त्याला वास नसतो, पण जीव जातो.

गॅसवरची चार पथ्यं

आधण आलं की आच कमी करा. पाणी शंभर अंशांवर उकळतं. आच मोठी ठेवली म्हणून ते त्याहून तापत नाही, नुसती वाफ जास्त होते. ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका. झाकण ठेवा. डाळी, कडधान्यं भिजवूनच लावा. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर साफ करा.

आता हिशेब. नवी टाकी लावली की भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखेला खूण करायची. तीस दिवस जाणारी टाकी पस्तीस दिवस गेली, तर वर्षाला बारांऐवजी साडेदहा टाक्या लागतील. म्हणजे साधारण दीड टाकीचे पैसे वाचले! दोन महिने खुणा करून पाहा. आणि ओळखीत कुणी शेतकरी वहिनी असतील, तर पाचट सरीत कुजवण्याचा विषय त्यांच्याकडे जरूर काढा. मजुरीची अडचण सांगतील, ती नीट ऐकून घ्या. मग मुलाच्या शाळेतल्या शेतीच्या सरांना किंवा कृषी सहायकांना त्यांच्या रानावर बोलावता येईल का, हेही विचारा.