परक्या नद्यांचे मासे आणि आपली तळी

मृगाचा पाऊस पडून तळ्यांत नवे पाणी आले की नांदेड व लातूर जिल्ह्यांतील मच्छीमार सहकारी संस्था आणि शेततळ्यांचे मालक मत्स्यबीजाच्या खटपटीस लागतात. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून बीज येते. त्या वेळी पिल्ले बोटाच्या पेराएवढीही नसतात व सगळी सारखीच चकाकतात. त्यांत कटल्याचे कोणते आणि रोहूचे कोणते, हे जाणकारासही निरखूनच सांगावे लागते. अशा वेळी आफ्रिकेतील झांबेझी नदीचा किंवा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचा मासा त्या पिशवीतून आपल्या तळ्यात आला, तर ते ध्यानी येण्यास वर्ष जाते. आणि ध्यानी येते तेव्हा त्यास परत पाठविण्याचा मार्ग उरलेला नसतो. बियाणे खराब निघाले तर शेतकरी रान मोडून दुबार पेरणी करतो. पाण्यात पेरलेले बीज असे मोडता येत नाही.

म्हणून परक्या नद्यांचे हे मासे कोणते, त्यांचा स्वभाव कोणता आणि त्यांच्याशी आपण कसे वागावे, हे मत्स्यशेतकरी व ग्रामसेवक या दोघांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

तळ्यातला मासा तळ्यात राहत नाही

मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. लातूर जिल्ह्यातून वाहताना तेरणा, तावरजा, घरणी या नद्यांचे पाणी ती आपल्या पोटात घेते. नांदेड जिल्ह्याच्या बाजूने मन्याड व लेंडी तीस येऊन मिळतात, आणि पुढे तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ ती गोदावरीत विलीन होते. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे गोदावरी अडविलेली आहे. त्याखाली धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील निर्णयानुसार या बंधाऱ्याची दारे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडी ठेवली जातात. म्हणजे ऐन पावसाळ्यात येथील पाणी व त्याबरोबर येथील मासे तेलंगणातील श्रीरामसागर जलाशयाकडे विनाअडथळा जातात.

हा भूगोल येथे सांगण्याचे कारण असे की, ओढ्याकाठच्या एखाद्या शेततळ्याचा सांडवा एका रात्री वाहिला, तर त्यातील मासा ओढ्यात, ओढ्यातून तेरणेत, तेरणेतून मांजरेत आणि शेवटी गोदावरीत पोहोचू शकतो. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे चढणीचे मासे आपल्या शेतकऱ्यांनी पाहिलेलेच आहेत. खालचा मासाही असाच वर येतो. तेव्हा तळे एकाच्या मालकीचे असले, तरी त्यातील माशाचा परिणाम सर्वांना भोगावा लागतो.

झांबेझीची चिलापी

आपल्याकडे ज्यास चिलापी म्हणतात तो तिलापिया मासा मूळचा आफ्रिकेचा होय. त्याच्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत. मोझांबिक तिलापिया ही झांबेझीच्या खालच्या खोऱ्यातील व त्या किनाऱ्यावरील नद्यांतील, तर नाइल तिलापिया ही नावाप्रमाणे नाइल व आफ्रिकेतील इतर काही नद्यांतील. प्राचीन इजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवरही नाइल तिलापियाची चित्रे आढळतात, इतका तो तेथील माणसाच्या परिचयाचा आहे.

मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणली गेली. हेतू चांगला होता. थोड्या पाण्यात, कमी खाद्यावर वाढणारा व गोरगरिबांस परवडणारा मासा हवा होता. परंतु तिच्या वेगाने वाढणाऱ्या वंशाचा अनुभव येताच १९५९ साली तिच्या प्रसारास प्रतिबंध करण्यात आला. तोपर्यंत ती अनेक पाण्यांत पोहोचली होती.

या माशाचे बळ त्याच्या अपत्यसंगोपनात आहे. नर तळाच्या चिखलात वाटीसारखा खळगा करतो. मादी तेथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेते. अंडी तोंडातच उबतात, पिल्लेही काही दिवस तोंडातच राहतात. बाहेर सोडल्यावरही धोका दिसताच ती आईच्या तोंडात परत शिरतात. रोहू-कटला लक्षावधी अंडी देतात, परंतु त्यांतील फारच थोडी जगतात. चिलापी काही शेकडाच अंडी देते, पण त्यांतील बहुतेक वाचवते. शिवाय दोन-तीन महिन्यांची झाली की ती वयात येते व वर्षातून अनेक वेळा विते. रोहू-कटल्यास अंडी घालण्यास वाहते पाणी लागते. चिलापीस साचलेले तळे पुरते.

याचा परिणाम असा होतो की, तळ्यात माशांची संख्या अतोनात वाढते, खाद्य अपुरे पडते आणि सर्वांचीच वाढ खुंटते. जाळे भरून येते, पण त्यात बोटभर लांबीची चिलापी असते, आणि तिला बाजारात भाव नसतो. तामिळनाडूतील वैगई व अमरावती या जलाशयांत एके काळी पकडल्या जाणाऱ्या मासळीत चिलापीचाच भरणा होऊ लागला होता. आपल्याकडे भीमेवरील उजनी जलाशयातही तिचे प्राबल्य झाले आहे. तेथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ आता तिच्यावर चालतो व स्वस्त मासळी म्हणून ती गरिबाच्या ताटात पोहोचते, हेही तितकेच खरे. परंतु तळ्याचा ठेका रोहू-कटल्याच्या भरवशावर घेतलेल्या संस्थेस चिलापीच्या भावात ठेक्याची रक्कम उभी करणे कठीण जाते. सभासदांच्या वर्षाच्या मेहनतीचा प्रश्न तेथे निर्माण होतो.

आफ्रिकेचा मांगूर

दुसरा आफ्रिकी पाहुणा म्हणजे बाजारात ‘थाई मांगूर’ या नावाने विकला जाणारा मासा. नाव थाई असले, तरी तो मूळचा आफ्रिकेतील आहे. नाइल, नायजर, काँगो अशा नद्यांत तो राहतो. त्याच्या कल्ल्यांच्या वर हवेतील प्राणवायू घेणारे फांदीसारखे इंद्रिय असते. त्यामुळे गढूळ, कुजक्या पाण्यातही तो जगतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. तो अधाशी आहे. लहान मासे, बेडूक, किडे, मेलेले प्राणी, काहीही त्यास चालते. काही महिन्यांतच तो किलोभर होतो, आणि याच लोभाने लोक त्यास पाळतात.

१९९०च्या दशकाच्या आरंभी तो बांगलादेशमार्गे चोरवाटेने भारतात आला. भारत सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये या बंदीची अंमलबजावणी करून असे मासे नष्ट करण्याचा आदेश दिला. ज्या तळ्यांत तो चोरून पाळला जातो, तेथे त्यास कोंबड्यांच्या व जनावरांच्या कत्तलीचे कुजके अवशेष खाऊ घालतात, आणि त्या पाण्याची दुर्गंधी आसपासच्या विहिरींनाही बाधते.

येथे एक खबरदारी घ्यावयास हवी. आपला देशी मागूर हा वेगळा मासा असून त्यावर बंदी नाही. तो आकाराने लहान राहतो व सावकाश वाढतो. मरळ, शिंगाळा, वाम यांच्याप्रमाणेच तो आपल्या पाण्याचा मूळ रहिवासी आहे आणि त्याचे रक्षण व्हावयास हवे. ‘लवकर वाढणारा मागूर’ म्हणून कोणी बीज देऊ लागला, तर तेथेच सावध व्हावे.

ॲमेझॉनचे दोन पाहुणे

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन व ओरिनोको या नद्या पावसाळ्यात कित्येक कोस पसरून अरण्यात शिरतात. झाडे अर्धी पाण्यात उभी राहतात, फळे पाण्यात गळतात, आणि ती खाण्यास मासे येतात. या बुडालेल्या अरण्यात वाढलेला पाकू हा मासा आपल्याकडे ‘रूपचंद’ या नावाने आला. कठीण बिया फोडण्यासाठी त्याचे दात माणसाच्या दाढांसारखे बोथट व भक्कम असतात. त्यावरून त्यास काही लोक नरभक्षक पिरान्हा समजतात. तो समज चुकीचा आहे. पिरान्हाचे दात करवतीसारखे त्रिकोणी व धारदार असतात. रूपचंद झपाट्याने वाढतो व दिलेले खाद्य चांगले घेतो. मात्र थंडी त्यास मानवत नाही. तो पाळावयाचा असेल, तर बंदिस्त तळ्यातच पाळावा. नदी, नाला वा सार्वजनिक तलाव यांत तो कदापि सोडू नये.

दुसरा पाहुणा शोभेच्या काचपेटीतून आला. पेटीची काच चाटून स्वच्छ करतो म्हणून ‘सकर’ मासा घरोघर विकला जातो. पेटीत तो चार बोटांचा असतो, पुढे हातभर वाढतो, आणि मग घरमालक पुण्य समजून त्यास नदीत सोडतो. त्याच्या अंगावर हाडांचे चिलखत असते व परांना ताठ काटे असतात. हे काटे जाळी फाडतात. तो काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, त्यामुळे बांध पोखरले जातात. त्यास खाण्यास गिऱ्हाईक नाही. आंध्र प्रदेश, केरळ, पश्चिम बंगाल येथील पाण्यांत तो पसरला आहे व गंगेतही सापडला आहे. केरळात २०१८च्या महापुरानंतर तर ॲमेझॉनचा अजस्र अरापाइमा मासा चालकुडी नदीत आढळला. कोणाच्या तरी बंदिस्त तळ्यातून पुराने त्यास बाहेर काढले होते. मासा तळ्यात आहे तोवर तो आपल्या ताब्यात आहे, ही समजूत एका पुरात वाहून जाते.

व्हिक्टोरिया सरोवराचा धडा

परका मासा काय करू शकतो, याचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण आफ्रिकेतच घडले. पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात शेकडो जातींचे लहान मासे होते. १९५०च्या दशकात तेथे नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला. काही वर्षे विशेष काही दिसले नाही. १९८०च्या दशकात मात्र तो एकाएकी वाढला, आणि सुमारे दोनशे स्थानिक जाती नाहीशा किंवा अतिदुर्मिळ झाल्या. मासळीची निर्यात वाढली, पैसाही आला. परंतु काठावरचा लहान कोळी ज्या बारीक माशांवर पोट भरीत होता, ते मासे गेले. नाइल पर्च हा आफ्रिकेचाच मासा, पण त्या सरोवरास तो परका होता. यावरून दिसते की, परकेपणा देशावर नव्हे, पाण्यावर ठरतो.

मात्र परका मासा म्हणजे वाईटच, असेही नाही. गवत्या मासा १९५९ मध्ये बाहेरूनच आला. तो तळ्यातील पाणवनस्पती खाऊन उपयोगी पडतो आणि आपल्या तळ्यात सहसा आपोआप वीत नाही. जेवढा सोडावा तेवढाच राहतो. तेव्हा मासा निवडताना दोन प्रश्न विचारावेत. हा आपल्या पाण्यात आपोआप वाढेल काय? आणि हा दुसऱ्या माशांस खाईल काय? दोन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर त्यास पाण्यात सोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

काय करावे?

१. मत्स्यबीज शासकीय अथवा मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावे व पावती जपून ठेवावी. फिरत्या विक्रेत्याचे स्वस्त बीज पुढे महाग पडते.

२. पिशवी तळ्यात रिकामी करण्यापूर्वी थोडी पिल्ले पांढऱ्या परातीत घेऊन पाहावीत. चिलापीच्या पाठीवरचा पर लांब व काटेरी असतो आणि पिल्लाच्या त्या पराच्या मागील भागावर काळा ठिपका असतो. रोहू-कटल्याच्या पाठीवर असे काटे नसतात.

३. तळ्याच्या आवक व सांडव्याच्या तोंडांस बारीक जाळी बसवावी आणि पावसाळ्यात ती रोज साफ करावी.

४. तळे उन्हाळ्यात आटले, तर त्या आपत्तीचा उपयोग करून घ्यावा. एप्रिल २०१६ मध्ये लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, इतका तो दुष्काळ कठीण होता. असा उन्हाळा कोणासही नको. परंतु तळे कोरडे पडलेच, तर चिलापी समूळ काढण्याची तीच संधी असते. एखादे डबके शिल्लक राहिले, तरी तोंडात पिल्ले घेतलेली एक मादी सारे तळे पुन्हा भरून टाकते, हे विसरू नये.

५. तळे आटत नसेल, तर बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड वापरता येते. हेक्टरी, एक मीटर खोल पाण्यास सुमारे २,५०० किलो असे प्रमाण धरतात. तीस मीटर लांब-रुंद शेततळ्यात मीटरभर पाणी असेल, तर हे प्रमाण सव्वादोनशे किलोच्या आसपास येते. विषारी परिणाम दोन ते तीन आठवडे टिकतो. त्यानंतरच बीज सोडावे. माणसांच्या वा जनावरांच्या पिण्याच्या पाण्यात हा उपाय करू नये.

६. रोहू-कटला मोठे झाले असतील, तर काही मरळ सोडावेत. मरळ चिलापीची पिल्ले खातो व स्वतःही चांगला भाव आणतो. लहान बीज असलेल्या तळ्यात मात्र मरळ सोडू नये.

७. सुधारित ‘गिफ्ट’ तिलापिया पाळावयाची झाल्यास रीतसर परवाना घेऊन, केवळ नर बीज आणून, बंदिस्त तळ्यातच पाळावी.

८. शोभेचा मासा नदीत वा तलावात सोडू नये. ग्रामसेवकांनी ही गोष्ट शाळेतील मुलांस आवर्जून सांगावी, कारण काचपेटी बहुधा त्यांच्याच हट्टाने घरात येते.

शंका आल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात अथवा उदगीर येथील मत्स्य विज्ञान महाविद्यालयात मासा दाखवून खात्री करून घ्यावी. हे महाविद्यालय लातूर जिल्ह्यातच असल्याने त्याचा लाभ घेणे या भागातील शेतकऱ्यांस सोपे आहे.

झांबेझी, नाइल आणि ॲमेझॉन येथील मासे आपापल्या नद्यांत गुणीच आहेत. तेथे त्यांना खाणारे आहेत, आवरणारे पूर आहेत, हजारो वर्षांचे शेजारी आहेत. आपल्या तळ्यात त्यांना आवरणारा कोणी नसतो, म्हणून ते काम मत्स्यशेतकऱ्यासच करावे लागते. बीजाची पिशवी उघडण्यापूर्वी परातीत पिल्ले पाहण्यास पाच मिनिटे लागतात. गोदावरी-मांजरेच्या काठी ती पाच मिनिटे कोणीही वाचवू नयेत.