पेम्फिगस रुग्णांच्या रक्तातील सूक्ष्म खनिजे : एक विवेचन

बीजसंज्ञा : पेम्फिगस, जस्त, तांबे, सेलेनियम, दाह.

प्रस्तावना :
शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच घटकांवर उलटल्याने जे विकार उद्भवतात, त्यांत 'पेम्फिगस व्हल्गॅरिस' हा गंभीर त्वचारोग होय. त्वचेच्या पेशींना परस्परांशी सांधणाऱ्या डेस्मोग्लीन ३ व १ या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात, सांधे सुटतात आणि तोंडात व अंगावर सहज फुटणारे फोड येतात. १९५० च्या दशकात स्टेरॉइड औषधे येण्यापूर्वी बहुतेक रुग्ण दगावत. अशा रुग्णांच्या रक्तातील खनिजांच्या पातळीचा अर्थ कसा लावावा, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

खनिजांचे कार्य :
जस्त पेशीविभाजनास व जखम भरून येण्यास आवश्यक असते. जस्त व तांबे हे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराचे, तर सेलेनियम हे ग्लुटाथिऑन पेरॉक्सिडेजचे घटक आहेत. ही विकरे ऑक्सिडीकरणाच्या ताणापासून पेशींचे रक्षण करतात. म्हणूनच या खनिजांचा रोगाशी संबंध असावा, असा तर्क केला जातो.

पातळी बदलण्याची कारणे :
प्रौढ शरीरात सुमारे २ ते ३ ग्रॅम जस्त असते; त्यातील एक टक्क्याहूनही कमी रक्तद्रवात आढळते व ते मुख्यतः अल्ब्युमिनशी जोडलेले असते. फोडांतून प्रथिनयुक्त द्रव झिरपला की अल्ब्युमिन घटते आणि त्याबरोबर जस्ताचे मापही उतरते. दाहाच्या अवस्थेत यकृत रक्तातील जस्त ओढून घेते, सेलेनियमही घटते. याउलट तांबे वाहणारे सेरुलोप्लाझ्मिन दाहात वाढते, त्यामुळे तांबे अधिक दिसते. तोंडातील व्रणांमुळे आहार कमी होतो, तो भाग वेगळाच. तात्पर्य, उतरलेली पातळी हे रोगाचे कारण नसून परिणामही असू शकते. म्हणून अल्ब्युमिन व दाहनिदर्शक सी-रिॲक्टिव्ह प्रथिन यांचे मापन सोबत नसेल, तर केवळ खनिजांच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

एक उद्बोधक उदाहरण :
विल्सन रोगात शरीरातील जादा तांबे काढण्यासाठी दिले जाणारे पेनिसिलामाइन काही रुग्णांत पेम्फिगस उत्पन्न करते. यावरून 'तांबे घटल्याने रोग होतो' असे वाटेल. परंतु रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल तांबे काढण्यासाठी दिले जात नाही, तरी तेही क्वचित हा रोग उद्भवविते. दोन्ही औषधांत थायॉल हा गंधकयुक्त गट आहे. संशयाचा रोख मुख्यतः त्याच्याकडे जातो.

समारोप :
सिद्ध झालेली कमतरता भरून काढणे योग्यच. तथापि खनिजांच्या गोळ्या हा स्टेरॉइड वा रिटुक्सिमॅब या उपचारांना पर्याय नव्हे. दीर्घकाळ जादा जस्त घेतल्यास आतड्यातील तांब्याचे शोषण खुंटते व पांडुरोग होऊ शकतो. स्टेरॉइड अचानक बंद करणे तर जिवावर बेतू शकते. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे संशोधनपद्धतीचे तत्त्व येथे प्रत्यक्ष रुग्णाच्या जीविताशी निगडित आहे.