व्यापार-नियमन : बीड जिल्ह्यातील कापूस बाजार

व्यापाऱ्याने माल कोठे व कोणत्या अटींवर खरेदी करावा, मालाविषयी ग्राहकास काय सांगावे, प्रतिस्पर्ध्यांशी कसे वागावे आणि व्यवहारात हाती आलेल्या माहितीचा उपयोग कसा करावा, यांविषयी शासनाने कायद्याने घालून दिलेल्या बंधनांना व्यापार-नियमन असे म्हणतात. ह्या बंधनांचे व्यवसायावर होणारे परिणाम एकाच मालाच्या व्यापारात पाहावयाचे झाल्यास मराठवाड्यातील बीड जिल्ह्याचा कापूस बाजार हे उद्‌बोधक उदाहरण होय. गोदावरीच्या खोऱ्यातील गेवराई व माजलगाव ह्या तालुक्यांच्या काळ्या जमिनीत कापसाचे पीक महत्त्वाचे आहे. ते बव्हंशी पावसावर अवलंबून असल्याने कापसाला मिळणारा भाव हाच तेथील शेतकऱ्याच्या वर्षाच्या हिशेबाचा आधार ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कापसाच्या नियंत्रित बाजाराची सुरुवात वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याने १९३० मध्ये कृषी बाजारविषयक कायदा केला. महाराष्ट्राच्या निर्मितीनंतर निरनिराळ्या विभागांतील जुने कायदे रद्द करून महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (नियमन) अधिनियम, १९६३ हा सर्व राज्यास लागू करण्यात आला. बीड, गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाई इ. ठिकाणच्या बाजार समित्या ह्याच अधिनियमाखाली काम करतात.

गुप्त भाव व उघड लिलाव : नियमनापूर्वी अनेक बाजारपेठांत ‘हत्ता’ पद्धतीने सौदे होत. अडत्या व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला बोली कळत नसे. वजन करताना ‘कडता’ म्हणून काही माल वजा होई. धर्मादाय, नमुना अशा निमित्तांनी आणखी कपात केली जाई. नियंत्रित बाजारात हत्ता पद्धतीवर बंदी आली. तिच्या जागी उघड लिलाव, परवानाधारक अडते व मापाडी, तपासलेले काटे आणि ठराविक आकार आले. मेट्रिक मापांच्या सक्तीमुळे शेर-मणांचे स्थानिक भेदही मागे पडले. ह्यामुळे व्यापाऱ्याचा एक जुना लाभ, म्हणजे इतरांस ठाऊक नसलेला भाव जाणण्याचा लाभ, कमी झाला. दुसऱ्या बाजूने, भाव सर्वांस कळू लागल्यामुळे अल्प भांडवलाच्या नव्या खरेदीदारासही बोली लावणे शक्य झाले. मात्र परवाना व ठराविक आवार यांच्या अटींमुळे खरेदीदारांची संख्या मर्यादित राहिली, तर उघड लिलावातही खरी चढाओढ होत नाही, असाही अनुभव आहे.

एकाधिकार खरेदी : महाराष्ट्र कच्चा कापूस (खरेदी, प्रक्रिया व पणन) अधिनियम, १९७१ अन्वये १९७२-७३ च्या हंगामापासून शासनाने कापूस खरेदी स्वतःकडे घेतली. हे काम प्रथम राज्य सहकारी पणन महासंघ व पुढे स्वतंत्र कापूस उत्पादक पणन महासंघ यांच्यामार्फत चाले. खाजगी व्यापाऱ्यांस शेतकऱ्यांकडून कापूस विकत घेण्यास मनाई झाली. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे खाजगी कारखाने महासंघाचा माल प्रक्रिया-आकार घेऊन सिद्ध करून देऊ लागले. कापसाचा व्यापारी अशा रीतीने व्यवहारातून बाहेर पडला आणि कारखानदार स्वतंत्र खरेदीदार न राहता ठेकेदार बनला.

शेतकऱ्यास हमी भाव मिळाला व मंदीच्या वर्षी आधार लाभला, ही योजनेची जमेची बाजू होय. तथापि बाहेरील बाजारात तेजी आली की शेतकऱ्यास तिचा लाभ सहज मिळेना; राज्याबाहेर कापूस नेण्यास बंदी असूनही सीमेवरून चोरटी वाहतूक होऊ लागली. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ह्या बंदीस विरोध केला. उलट हमी भाव बाजारभावापेक्षा वर राहिला, तेव्हा योजनेस मोठा तोटा झाला व त्याचा भार शासनावर पडला. अखेर २००२-०३ पासून खाजगी खरेदीस पुन्हा मुभा मिळाली. व्यापारी व जिनिंग कारखानदार परत बाजारात आले. केंद्र शासनाचे भारतीय कापूस निगम (स्थापना १९७०) भाव आधारभूत किंमतीखाली गेल्यास खरेदीस उतरते.

बियाणे आणि स्पर्धा : बीटी कापसाच्या लागवडीस २००२ मध्ये परवानगी मिळाल्यावर स्पर्धेचा प्रश्न विक्रीकडून बियाण्याकडे वळला. बीडलगतच्या जालना येथे १९६४ मध्ये स्थापन झालेली महिको कंपनी व अमेरिकेतील मोन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीकडे ह्या तंत्राचे परवाने होते. आंध्र प्रदेश शासनाच्या तक्रारीवरून मक्तेदारी आयोगाने मे २००६ मध्ये तंत्रशुल्काविरुद्ध अंतरिम आदेश दिला. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किंमत-नियंत्रणाचा अधिनियम केला. २०१६ मध्ये केंद्र शासनाने बीजी-२ बियाण्याच्या ४५० ग्रॅम पाकिटाची कमाल किंमत ८०० रु. व त्यातील तंत्रशुल्क ४९ रु. ठरविले. हे शुल्क २०२० मध्ये शून्यावर आणण्यात आले. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१६ मध्ये सुरू केलेली चौकशी मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये पेटंट अधिनियमास अग्रक्रम देऊन अग्राह्य ठरविली. किंमत उतरल्याने शेतकऱ्याचा खर्च घटला. पण नव्या संशोधनात भांडवल गुंतविण्यास कंपन्या नाखूष झाल्या, असा आक्षेप बियाणे उद्योगाकडून घेतला जातो. त्याच सुमारास तणनाशक-सहिष्णु असे विनापरवाना बियाणे राज्यात चोरून विकले जाऊ लागले.

जाहिरात : बियाण्याचा गुण पाकीट पाहून कळत नाही, पीक उभे राहिल्यावरच तो प्रत्ययास येतो. म्हणून बियाण्याची जाहिरात हा केवळ विक्रीचा उपाय न राहता एक प्रकारचे वचन ठरते. बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये उगवण, शुद्धता इत्यादींचा तपशील वेष्टनावर देणे बंधनकारक आहे. मक्तेदारी अधिनियमाच्या १९८४ मधील दुरुस्तीने फसव्या जाहिराती अनुचित व्यापारप्रथांत मोडू लागल्या. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने दाद मागण्याचा मार्ग जिल्ह्यापर्यंत आणला. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये दिला. २०१९ च्या अधिनियमाखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, तर पुनरावृत्तीबद्दल ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परिणामी विक्रमी उत्पन्नाचा दावा करणाऱ्या कंपनीस त्याचा पुरावा जवळ बाळगावा लागतो.

खाजगी माहिती : पूर्वी बाजारातील गुपित व्यापाऱ्याचे होते, आता जपण्याची माहिती शेतकऱ्याची आहे. राष्ट्रीय कृषी बाजार (ई-नाम) ही संगणकीय योजना एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. कापूस निगमाने २०२५-२६ च्या हंगामासाठी भ्रमणध्वनीवरून नोंदणीची सोय केली. अशा नोंदणीत शेतकऱ्याची ओळख, जमीन, दूरध्वनी क्रमांक, बँक खाते इ. तपशील एकत्र येतात. गरजेच्या वेळी कोणाजवळ किती कापूस शिल्लक आहे, हे ज्यास कळेल त्यास भाव पाडून मागता येईल. अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये संमतीने घेतलेली माहिती सांगितलेल्या कारणासाठीच वापरावयाची असून सुरक्षिततेतील गंभीर हलगर्जीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे.

मूल्यमापन : कापसाच्या व्यापारातील ह्या अनुभवावरून दोन प्रकारच्या नियमनांतील भेद स्पष्ट होतो. भाव, वजन व मालाचा गुण उघड करणाऱ्या नियमांनी व्यापाऱ्याची मोकळीक काही अंशी कमी केली. पण प्रामाणिक व्यापाऱ्यास संरक्षण दिले व ते टिकून राहिले. स्पर्धेच्या जागी शासनच आले, तेव्हा मंदीतील जोखीम शेतकऱ्याकडून सरकारी तिजोरीकडे गेली आणि तेजीतील लाभ अडून राहिला. मात्र केवळ खुली स्पर्धाही कोरडवाहू शेतकऱ्यास पुरेशी नसते. कर्जफेडीसाठी घाईने माल विकणाऱ्यास भाव कळूनही थांबता येत नाही. साठवण, तारण-कर्ज व वेळेवर होणारी आधारभूत खरेदी यांची जोड मिळाली, तरच उघड लिलावाचा लाभ त्याच्या पदरात पडू शकतो.