थाळी वाजवून कान तपासता येत नाहीत

आजचा भाग कानांबद्दल आहे, आणि गंमत म्हणजे बहुतेक जण तो कानात इअरफोन खुपसूनच ऐकताय. जे वाचताय, त्यांचंही स्वागत.

लालबाग-परळच्या चाळीत 'बाळ आवाजाला दचकत नाही' असं कुणाला वाटलं, की पहिली टेस्ट घरातच होते. मागून थाळी वाजवायची. बाळ वळलं की सगळं ओके! पण बाळ कशाने वळलं? हवेची झुळूक, जमिनीचा हादरा, समोरच्या आजीची नजर, काहीही असू शकतं. शिवाय थाळीचा आवाज दणदणीत. तो ऐकू येणाऱ्या बाळाला 'स' आणि 'श' अजिबात ऐकू न येणंही शक्य आहे. त्यात शेजारच्या काकू म्हणतात, 'आमचा बंड्यापण चार वर्षांचा झाल्यावर बोलला.' झालं, दोन वर्षं गेली. मला विचाराल तर या एका वाक्याने फार नुकसान केलंय.

खरी टेस्ट सोपी असते. ओएई म्हणतात तिला. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटा प्रोब ठेवायचा. अंतर्कर्णात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, कॉक्लिया. ती धड असेल तर आवाज आत गेल्यावर स्वतः बारीकसा आवाज परत पाठवते. मशीन तो पकडतं. शंका राहिली तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतोय का ते बघणारी टेस्ट. जगभर हिशोब १-३-६ चा: एका महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय सुरू.

एवढी घाई का? कारण ऐकायला मेंदू शिकतो आणि तो कायम थांबून राहत नाही. अमेरिकेतल्या संशोधक अनू शर्मा यांनी इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचे प्रतिसाद मोजले. साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचे प्रतिसाद वयाला साजेसे झाले. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेकांचे झाले नाहीत.

आता यंत्रं. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण तो पकडायला कॉक्लियातल्या केशपेशी थोड्या तरी शिल्लक हव्यात. त्या नसतील तर कितीही मोठा आवाज फुकट. कॉक्लियर इम्प्लांट त्या पेशींना वळसा घालून थेट नसेला विजेचे बारीक झटके देतं. मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये असं अनेक इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं. त्यांचे वडील स्वतः कमी ऐकायचे. आपल्याकडे डॉ. मिलिंद कीर्तने हे या शस्त्रक्रियेतलं मोठं नाव, २०१४ चे पद्मश्री.

पण व्हायरल व्हिडिओत दिसतं तसं नसतं बरं का! कॉक्लियात ऐकण्याच्या मुख्य पेशी साधारण ३,५००, इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड साधारण बारा ते बावीस. म्हणून यंत्र सुरू झालं की कित्येक मुलं हसण्याऐवजी रडतात. पुढे वर्षानुवर्षं मॅपिंग आणि थेरपी. घरी रोज सहा ध्वनी तपासायचे: आ, ई, ऊ, म, श, स. तेही तोंड दिसू न देता. कारण 'पापा', 'बाबा' आणि 'मामा' ओठांवर सारखेच दिसतात. आरशासमोर म्हणून बघा!

पैसा? केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ पासून इम्प्लांट आहे. तेव्हा मर्यादा सहा लाखांची ठेवली होती. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी वयाची अट पाच वर्षं, उत्पन्नाचीही अट आहे. काम बघते वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था. खरी कसोटी नंतर. केबल तुटते, बॅटरी संपते, मुंबईच्या पावसाळ्यात यंत्र रोज ड्राय बॉक्समध्ये ठेवावं लागतं, आणि काही वर्षांनी प्रोसेसर बदलायचा तर पुन्हा लाखांत खर्च. हे ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या.

आणि साइन लँग्वेज? माझगावला १८८० च्या दशकात देशातली पहिली कर्णबधिरांची शाळा निघाली, आणि 'बोलायचं की हातांनी सांगायचं' हा वाद जवळपास तेवढाच जुना. मला हा वादच पटत नाही. आंघोळीला, झोपताना यंत्र काढलं की मूल बहिरंच असतं. तेव्हा आईने हातांनी 'ये इकडे' म्हटलं तर बिघडलं कुठे?

तर घरात नवं बाळ आलं असेल, तर डिस्चार्जच्या कागदांत ओएई लिहिलंय का बघा. नसेल तर केईएम किंवा नायरच्या ऑडिओलॉजी विभागात जा, काकूंना विचारू नका. भेटू पुढच्या भागात!