फिफ्टी शेड्स : खरी गंमत ईमेलमध्ये

ई. एल. जेम्स यांची ‘फिफ्टी शेड्स’ मालिका म्हणजे नुसता चावटपणा, असं म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. पण ‘ट्वायलाइट’ कादंबऱ्यांच्या फॅनफिक्शनमधून (चाहत्यांनी रचलेल्या कथांतून) जन्मलेली ही गोष्ट २०११ मध्ये पुस्तकरूपात आली आणि २०१४ पर्यंत तिन्ही भागांच्या मिळून १० कोटींवर प्रती खपल्या. निव्वळ शृंगार तर इंटरनेटवर फुकट मिळत होता! माझ्या मते खरी ओढ आहे ती घासाघिशीची. अब्जाधीश ख्रिश्चन ग्रे कॉलेजकन्या अ‍ॅनापुढे वर्चस्व-शरणागतीच्या शरीरसंबंधांचा चक्क करारनामा ठेवतो, त्यात तिने काय खावं, किती झोपावं याचीही कलमं. ती एकेक कलम खोडते, ईमेलच्या विषयाच्या ओळीतूनच त्याला टोमणे मारते. शयनगृहातल्या पानांपेक्षा ही पत्रापत्री कितीतरी चुरचुरीत आहे. (तिच्या मनात सतत नाचणारी ती ‘अंतर्देवता’ मात्र वैताग आणते.)

गोची अशी की संमतीचं एवढं काटेकोर बोलणं कराराच्या कागदापुरतंच राहतं. त्याबाहेर ग्रे तिचा फोन ट्रॅक करतो, ती नोकरी करते ती प्रकाशनसंस्थाच विकत घेतो. ‘कल्पनारंजन आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?’ असं चाहते म्हणतील. कल्पनेत काहीही चालावं, मान्य. पण कथा या पाळतीला प्रेमाची काळजी म्हणून खपवते, आणि त्याच्या लैंगिक आवडीला मात्र बालपणीच्या जखमेचं दुखणं ठरवते. म्हणजे जे दोघांच्या राजीखुशीचं, तेच आजार. आणि जे तिला न विचारता केलं, ते प्रेम.